पाणी कुठे मुरतंय? जुन्या केबिन क्रूझरचा स्टर्नड्राइव्ह निवडताना आणि सांभाळताना

जुनी केबिन क्रूझर बघायला गेलं की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "इंजिन फक्त चारशे तास चाललंय." ऐकणारा खूश होतो. पण पंधरा वर्षांची बोट आणि चारशे तास, म्हणजे वर्षाला तीस तासही नाहीत. मग उरलेला सगळा वेळ इंजिन काय करत होतं? ओल्या बिल्जवर (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेवर), दमट हवेत, थंड करणाऱ्या जॅकेटमध्ये साचलेलं पाणी पोटात घेऊन उभं होतं. नेमाने चालवलेलं आणि वेळच्या वेळी तेल बदललेलं हजार तासांचं इंजिन मी अशा चारशे तासांच्या इंजिनापेक्षा आधी घेईन.

कारण स्टर्नड्राइव्ह, म्हणजे आतलं इंजिन आणि बोटीच्या मागे बाहेर लटकणारा ड्राइव्ह यांची जोडी, चालून चालून क्वचित संपतो. त्याला संपवतं ते पाणी. नको तिथे शिरलेलं पाणी, किंवा हवं तिथे न पोचलेलं पाणी. निवडायचं असो वा सांभाळायचं, प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच विचारायचा: पाणी कुठे मुरतंय?

आधी रचना डोळ्यापुढे आणा

इंजिन बोटीच्या आत, मागच्या उभ्या भिंतीला म्हणजे ट्रान्समला टेकून बसलेलं असतं. ट्रान्सममध्ये मोठं भोक पाडलेलं असतं, त्यातून शाफ्ट बाहेर पडतो आणि बाहेर लटकणाऱ्या ड्राइव्हला फिरवतो. ड्राइव्हमध्ये शक्ती दोनदा काटकोनात वळते: आडवी येते, उभी खाली जाते, पुन्हा आडवी होऊन प्रोपेलरपर्यंत पोचते. सुकाणू फिरवलं की अख्खा ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, ट्रिमचं बटण दाबलं की वर-खाली होतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली 'ॲक्वामॅटिक' या नावाने ही रचना बाजारात आणली आणि १९६१ मध्ये मरक्रूझर आलं. जुन्या बाजारात आजही मुख्यतः हीच दोन घराणी भेटतात.

ट्रान्सममधलं ते भोक बऱ्याचदा पाण्याच्या पातळीखाली असतं, आणि वळणाऱ्या-वाकणाऱ्या शाफ्टभोवती समुद्राला बाहेर थोपवून धरणारी वस्तू म्हणजे रबराची एक चुण्याचुण्यांची नळी. तिला बेलोज म्हणतात. एवढ्या मोठ्या बोटीचं तरंगणं त्या रबरावर अवलंबून आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री नीट झोप लागली नव्हती.

कोणता ड्राइव्ह, कोणतं इंजिन

मरक्रूझरच्या घरात दोन मुख्य कुळं आहेत, अल्फा आणि ब्राव्हो. अल्फा हलका, साधा, दुरुस्तीला सोपा. त्याचा गिअर खालच्या भागात दातेरी क्लचने पडतो, आणि समुद्राचं पाणी ओढणारा पंपही ड्राइव्हच्या आतच असतो. साधारण तीनशे अश्वशक्तीपर्यंतची, हलकी बोट असेल तर अल्फाला नाव ठेवायला जागा नाही. ब्राव्हो दणकट आहे. त्याचा क्लच शंकूच्या आकाराचा, वरच्या भागात बसवलेला, आणि पाण्याचा पंप बोटीच्या आत इंजिनवर असतो.

केबिन क्रूझर मुळातच जड. झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, कधी जनरेटर असा अख्खा संसार तिच्यात असतो. ती पाण्यावर उचलली जाऊन सरपटायला ताकद लागते, म्हणून तिच्यासाठी एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर असलेला ड्राइव्ह उजवा ठरतो. व्होल्वोने १९८२ मध्ये 'ड्युओप्रॉप' आणला, मरक्रूझरचं उत्तर म्हणजे 'ब्राव्हो थ्री'. अशा जोडीमुळे बोट सरळ रेषेत चालते, मागे घेताना एका बाजूला ओढत नाही आणि धक्क्याला लावताना घाम फुटत नाही. एकच मोठा प्रोपेलर असलेला 'ब्राव्हो टू' सुद्धा जड बोटींसाठीच आहे, फक्त वेगाची अपेक्षा जरा कमी ठेवायची. जोडप्रोपेलरची दुखरी बाजू म्हणजे गंज. स्टीलचे दोन प्रोपेलर आणि ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. त्यावर पुढे बोलू.

ओएमसीचे (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनचे) जुने कोब्रा ड्राइव्ह असलेली बोट स्वस्तात दिसेल. ती कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. भाग इतर उत्पादकांकडून मिळतात, पण सगळे नाहीत. जवळ त्याची सवय असलेला मेकॅनिक नसेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नका.

पेट्रोल इंजिनांत निवड सोपी आहे, कारण दोन्ही घराण्यांनी बरीच वर्षं जनरल मोटर्सचेच ब्लॉक वापरले. ३.० लिटरचं चार सिलिंडर, ४.३ लिटरचं व्ही-६, ५.० आणि ५.७ लिटरची व्ही-८, आणि त्यावरची मोठी. केबिन असलेल्या बोटीत ३.० लिटर दिसलं तर पुढच्या बोटीकडे वळा. ते बिचारं आयुष्यभर पूर्ण थ्रॉटलवर धावलेलं असतं. मध्यम क्रूझरला ५.७ हे नाणं खणखणीत, भाग सर्वत्र मिळणारं. कार्ब्युरेटरपेक्षा फ्युएल इंजेक्शन बरं, थंडीत सुरू होण्यासाठी आणि इंधनाच्या खर्चासाठीही.

डिझेल हवं असेल तर व्होल्वोची केएडी मालिका हमखास समोर येईल. त्यात टर्बोसोबत पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर असतो, जो कमी फेऱ्यांवर हवा दाबतो आणि पुढे टर्बोच्या हाती सूत्रं देतो. इंजिन लोखंडासारखं, पण कॉम्प्रेसर, हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि एक्झॉस्टचा एल्बो (धुराच्या नळीचं वळण) यांची निगा कुणी घेतली होती का, हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी चटकन पेट घेत नाही हा मोठा दिलासा, मात्र भागांची किंमत ऐकून तो दिलासा थोडा ओसरतो.

एक की दोन इंजिनं? दोन असली तर एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर घरी येता येतं. पण बेलोज दुप्पट, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) दुप्पट, तेल दुप्पट. शिवाय दोन व्ही-८ शेजारी शेजारी कोंबल्यावर धूर बाहेर नेणाऱ्या, बाहेरच्या बाजूच्या मॅनिफोल्डपर्यंत हात पोचत नाही. बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या खोलीत स्वतः उतरा आणि इम्पेलर, ड्रेन प्लग, फिल्टर यांना हात लावून पाहा. जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथे आधीच्या मालकाचाही पोचलेला नसतो.

इंजिन बदललेलं असेल तर ड्राइव्हचा गिअर रेशो, म्हणजे प्रोपेलरच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या, जुळतो का, ते बघा. अल्फाच्या दुसऱ्या पिढीत ४.३ ला १.८१ आणि ५.७ ला १.४७ असे वेगवेगळे रेशो होते. व्ही-८ वर व्ही-६ चा ड्राइव्ह लटकवलेली बोट वेग धरायच्या आधीच फेऱ्यांच्या मर्यादेला जाऊन आदळते. आकडा ड्राइव्हच्या पट्टीवर असतो, आणि इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक लिहून घेतला की नेमके भाग शोधता येतात.

पाण्याबाहेरची तपासणी

बोट पाण्यातच बघून सौदा करू नका. ती वर काढायला लावा. मालक कां-कूं करत असेल, तर ती कां-कूं हीच माहिती समजा.

ड्राइव्ह पूर्ण वर उचला आणि टॉर्च घेऊन बेलोज पाहा. चुण्या हाताने उलगडा. बारीक चिरा, कडक झालेलं रबर, चिकटलेल्या शिंपल्या, गंजलेले क्लॅम्प यांपैकी काहीही दिसलं तर बेलोज संपला असं धरा. मरक्रूझरवर यू-जॉइंटचा (शाफ्टला वाकू देणाऱ्या सांध्याचा), एक्झॉस्टचा आणि गिअरच्या केबलचा असे तीन वेगवेगळे असतात. एक्झॉस्टचा फाटला तर आवाज वाढतो, उरलेले दोन फाटले तर बोट बुडू शकते.

मग ड्राइव्ह खाली आणा, दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. आतमध्ये सुकाणूचं चाक कुणीतरी घट्ट धरून ठेवायचं. ड्राइव्ह हलतो पण चाक हलत नाही, असं जाणवलं की गिम्बल रिंगचा (ड्राइव्ह जिच्यात टांगलेला असतो त्या कड्याचा) वरचा सांधा झिजलेला आहे. थोडीशी सैलाई चालते, पण खडखडाट नाही. याची दुरुस्ती खर्चिक असते, कारण नीट करायचं तर बहुतेक वेळा इंजिन बाहेर काढावं लागतं.

ड्राइव्हवरचा रंग निरखा. रंगाखाली फोड, पांढरी भुकटी, खड्डे दिसले की ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. ताजा, चकचकीत रंग दिसला तर जास्तच सावध व्हा. वरून कीर्तन आणि आतून तमाशा असलेले ड्राइव्ह मी पाहिले आहेत. ॲनोड (ड्राइव्हऐवजी झिजायला लावलेले धातूचे तुकडे) रंगवलेले असतील तर ते इतके दिवस शोभेलाच होते.

प्रोपेलरमागे मासेमारीचा दोरा गुंडाळलेला आहे का, बघा. तो सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये जातं. त्यानंतर गिअर ऑइलचा खालचा प्लग किंचित सैल करून चमचाभर तेल काढा. आधी पाणी निथळलं किंवा तेल दुधाळ निघालं, तर सील गेलेलं. प्लगच्या चुंबकावर बारीक पीठ असणं साहजिक आहे, पण टोकदार कण किंवा पापुद्रे म्हणजे गिअरचे दात. मात्र तेल स्वच्छ निघालं म्हणून निर्धास्त होऊ नका, कालच बदललेलं असू शकतं. खरी परीक्षा म्हणजे रिकाम्या ड्राइव्हमध्ये हवेचा दाब आणि मग निर्वात, दोन्ही धरून बघणं. मेकॅनिकला ते अर्ध्या तासाचं काम.

ट्रान्समवर, ड्राइव्हभोवतीच्या भागात, प्लॅस्टिकच्या हातोडीने हळूहळू ठोका. टणक आवाज अचानक बद्द झाला की आतलं लाकूड कुजतंय. अशा बोटीला इंजिन कितीही गुणी असलं तरी नमस्कार करून परत फिरा.

इंजिन थंड असतानाच

तुम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसं बोलतं, यात त्याची अर्धी पत्रिका असते.

तेलाची पट्टी आणि ऑइल कॅपचा आतला भाग पाहा. दुधाळ चिकटा म्हणजे आत पाणी. स्पार्क प्लग सगळे काढा. गंजाचे डाग असलेला प्लग त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याचा साक्षीदार आहे. मग कॉम्प्रेशन टेस्ट: थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन तोडून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला सारख्याच फेऱ्या द्या. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे महत्त्वाचं. फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर छान. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

आता या यंत्राचा सर्वांत कपटी भाग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचे रायझर, म्हणजे धूर वर उचलून नेणाऱ्या नळ्या. धूर जिथून जातो त्या नळीभोवतीच समुद्राचं पाणी फिरत असतं, मध्ये फक्त ओतीव लोखंडाची भिंत. खाऱ्या पाण्यात ती आतून झिजत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक दिवस ती फुटते आणि पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून किल्ली फिरवल्यावर पिस्टन अडतो, कधी कनेक्टिंग रॉडच वाकतो. खाऱ्या पाण्यात यांचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरा. "कधी बदलले?" असं विचारल्यावर पावती नसेल, तर बदललेच नाहीत असं गृहीत धरून तो खर्च किमतीतून वजा करा. सांध्याच्या कडेला गंजाचे ओघळ दिसले तर तिथूनच पाणी पाझरतंय. मरक्रूझरच्या पुढच्या काळातल्या 'कोरड्या सांध्या'च्या रचनेत पाणी आणि धूर एकाच गॅस्केटवरून जात नाहीत, त्यामुळे ती जास्त सुरक्षित.

थंड करण्याची पद्धतही विचारा. कच्च्या पाण्याची असेल तर समुद्र थेट ब्लॉकमधून फिरतो. बंद पद्धतीत ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो आणि हीट एक्स्चेंजर त्याला थंड करतो. खाऱ्या पाण्यातल्या जुन्या बोटीसाठी मी दुसरीच घेईन. पण नीट विचारा, कारण बऱ्याच 'बंद' पद्धती अर्ध्याच असतात: ब्लॉक कूलंटवर आणि मॅनिफोल्ड मात्र समुद्रावरच.

एक गोष्ट जिवाशी संबंधित. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साचते. म्हणून बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, इंधनाचा पंप हे सगळे ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात, आणि कार्ब्युरेटरवर ज्वाला अडवणारा फ्लेम अरेस्टर बसवलेला असतो. दिसायला अगदी तसाच असलेला मोटारीचा स्टार्टर कुणी स्वस्त म्हणून बसवलाय का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. बसवलेला आढळला, तर त्या मालकाने आणखी काय काय केलं असेल याचाही विचार करा.

पाण्यातली चाचणी

ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर पाण्याच्या नळीचे रबरी 'कान' लावून जमिनीवर चालवलेलं इंजिन म्हणजे चाचणी नव्हे. त्याच्यावर भार नसतो. बोट पाण्यात टाका, ब्लोअर (बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालू ठेवा, बिल्जचा वास घ्या आणि मगच किल्ली फिरवा.

सुरू झाल्यावर निळा धूर थोडा वेळ आला तर सोडून द्या, सतत येत राहिला तर तेल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी, गोडसर वासाची वाफ येत असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातोय. धक्क्यापासून दूर गेल्यावर सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवा आणि कान मागे लावा. वळणावर घरघर वाढली तर गिम्बल बेअरिंग, खट-खट झाली तर यू-जॉइंट. बेअरिंग स्वस्त असतं, पण ते पाण्यानेच गंजलेलं असतं, म्हणजे बेलोज आधीच फुटून गेलेला.

गिअर टाकताना दांडा ठामपणे ढकला. दातेरी क्लचला हळुवारपणा सोसत नाही, अर्धवट लागलेले दात एकमेकांना खातात. अल्फामध्ये गिअर काढताना एक स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. केबल फुगली किंवा गंजली की हा स्विच गरजेपेक्षा जास्त वेळ तोडून धरतो आणि इंजिन धक्क्याजवळ नेमकं नको तेव्हा बंद पडतं.

मग थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मिनिटभर फेऱ्या वाचा. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पट्ट्यात आल्या पाहिजेत. ५.७ लिटरच्या बऱ्याच इंजिनांसाठी तो मिनिटाला ४४०० ते ४८०० च्या आसपास असतो. कमी आल्या तर बोटीच्या पोटाला शिंपल्या, चुकीचा प्रोपेलर किंवा दुबळं इंजिन, या क्रमाने शोधा. प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच कमी केला की फेऱ्या साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. फेऱ्या सतत कमी येत असतील तर 'इंजिन आरामात चाललंय' असं समजू नका. ते ओझ्याखाली दबून गरम होतंय.

शेवटी अर्धा तास प्रवासाच्या वेगाने चालवा. तापमानाचा काटा एका जागी बसला पाहिजे. फक्त वेगात असतानाच तो चढत असेल तर पाणी पुरत नाहीये: झिजलेला इम्पेलर, गाळाने भरलेला एक्स्चेंजर किंवा पॉवर स्टिअरिंगच्या छोट्या कूलरमध्ये अडकलेलं शेवाळ. परत येऊन इंजिनाचं झाकण उघडा आणि बिल्जमध्ये नवीन पाणी किंवा तेल आहे का पाहा.

घेतल्यावर पहिला महिना

मालकाने काय बदललं, यावर विसंबू नका. घड्याळ शून्यावर आणा: इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, इम्पेलर, इंधनाचा फिल्टर, पट्टे, ॲनोड, आणि बेलोज.

बेलोज बदलताना ड्राइव्ह उतरतोच, म्हणून त्याच खर्चात बाकीची कामंही करून घ्या: यू-जॉइंट हाताने फिरवून बघा, गिम्बल बेअरिंगला ग्रीस द्या किंवा ते बदला, आणि मुख्य म्हणजे अलाइनमेंट. इंजिनाचे रबरी पाय वर्षानुवर्षं दबतात, इंजिन खाली बसतं आणि शाफ्ट इंजिनाच्या कपलरमध्ये तिरपा शिरू लागतो. कपलरचे दात खाल्ले जातात आणि एक दिवस इंजिन गुरगुरतं, पण बोट हलत नाही. हे टाळायला अलाइनमेंट बार नावाची एक लांब सळई बेअरिंगमधून कपलरमध्ये घालतात. ती दोन बोटांनी ढकलल्यावर आत गेली पाहिजे. जोर लावावा लागला तर इंजिनाचे पुढचे पाय वर-खाली करून पुन्हा बघायचं. शाफ्टच्या दातांना त्यासाठीचंच ग्रीस लावा. ड्राइव्ह जड असतो, तो एकट्याने उचलायला जाऊ नका. त्याखाली हाताचं बोट सापडलेला माणूस मला माहीत आहे.

व्होल्वो यू-जॉइंटचा बेलोज दर दोन वर्षांनी बदलायला सांगतं. मरक्रूझरच्या बाबतीत दरवर्षी तपासा आणि चार-पाच वर्षांच्या पुढे ताणू नका. रबराला तासांशी देणंघेणं नसतं, ते उभ्या बोटीतही म्हातारं होतं. बोट उभी असताना ड्राइव्ह शक्यतो खाली ठेवा. वर उचलून ठेवला की बेलोज महिनोनमहिने ताणलेला राहतो आणि चुण्यांना कायमची घडी पडते.

गिअर ऑइल बदलण्याची रीत बऱ्याच जणांची चुकते. खालचा आणि वरचा दोन्ही प्लग काढा, जुनं पूर्ण निथळू द्या. नवं तेल खालून पंपाने भरा, वरून नव्हे, नाहीतर हवा आत अडकते आणि ड्राइव्ह अर्धा रिकामा राहतो. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून तेल सलग येऊ लागलं की आधी वरचा प्लग लावा, मग पंप काढून चटकन खालचा. प्लगचे वॉशर दर वेळी नवे. नंतरच्या काही दिवसांत इंजिनाजवळच्या तेलाच्या बाटलीची पातळी थोडी उतरली तर ती अडकलेली हवा असते, भरून टाका. उतरतच राहिली तर सील.

इम्पेलर खाऱ्या पाण्यात दरवर्षी, गोड्या पाण्यात दोन वर्षांनी. काढल्यावर एखादं पान तुटलेलं दिसलं तर ते सापडेपर्यंत शोधा. तो तुकडा पुढच्या नळीत बसून पाणी अडवतो, आणि नवा इम्पेलर लावूनही इंजिन का तापतंय म्हणून माणूस महिनाभर डोकं खाजवतो.

दर फेरीनंतर आणि दर हंगामात

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका. आधी पाणी सुरू, मग इंजिन. आधी इंजिन बंद, मग पाणी. इम्पेलर कोरडा फिरला तर काही सेकंदांत जळतो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, सावकाश फेऱ्यांवर चालू द्या, नाहीतर ब्लॉकमधलं मीठ जागचं हलत नाही.

ॲनोड हा मुद्दाम बळी दिलेला धातू आहे, तो झिजला पाहिजे. झिजत नसेल तर तो कामच करत नाहीये. खाऱ्या पाण्यात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ॲनोड दोन्हीकडे चालतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते झोपी जातं. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम इतकं उतावीळ होतं की ड्राइव्हवरचा रंगच फुगून उडतो. निम्मा झिजला की बदला. बसवण्याची जागा घासून लखलखीत करा, कारण धातूला धातू भिडल्याशिवाय ॲनोडचा उपयोग नाही. ड्राइव्हचे वेगवेगळे भाग जोडणाऱ्या तारांची टोकंही साफ ठेवा. मरक्रूझरची गंज रोखणारी मर्कॅथोड यंत्रणा बॅटरीवर चालते, बॅटरी संपली की तिचं संरक्षणही संपलं. धक्क्यावर किनाऱ्याची वीज घेत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या, नाहीतर जमिनीच्या तारेतून शेजारच्या बोटींशी संबंध जुळतो आणि तुमचे ॲनोड त्यांचं रक्षण करत बसतात.

तांबं असलेला शेवाळरोधक रंग ड्राइव्हला कधीच लावू नका, तो ॲल्युमिनियमला पोखरतो. बोटीच्या पोटाला तसा रंग असेल तर ट्रान्समवर ड्राइव्हभोवती चार सेंटीमीटर जागा कोरी सोडा.

इंजिन ऑइल शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. हंगाम संपताना बदला, सुरू होताना नव्हे. जुन्या तेलातलं आम्ल हिवाळाभर बेअरिंग खात बसतं.

पाणी गोठणाऱ्या प्रदेशात बोट असेल तर ही शेवटची पायरी सगळ्यांत महाग चूक टाळते. कच्च्या पाण्याच्या इंजिनात ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे प्लग, दोन्ही मॅनिफोल्डचे प्लग आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाची खालची मोठी नळी उघडा. प्लग काढूनही पाणी आलं नाही तर खूश होऊ नका. भोकात गंज अडकलेला असतो. तारेने टोचा, धार लागेपर्यंत. ड्राइव्ह खाली ठेवा म्हणजे तोही निथळतो. ब्लॉकमध्ये राहिलेलं थोडंसं पाणी गोठलं की ओतीव लोखंड तडकतं, आणि ते वसंतात पहिल्या किल्लीलाच कळतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ट्रेलर पाण्यात उतरवा, पण पट्टा सोडू नका. बिल्जचा प्लग लावलाय का, ते हाताने चाचपा. इंजिनाचं झाकण उघडा, शाफ्ट जिथून बाहेर पडतो त्याच्याखाली कोरडा कागद ठेवा आणि दहा मिनिटं तिथेच बसा. कागद कोरडा राहिला तर ब्लोअर लावा.